बालाघाटचे गवत आणि अत्तराची पेढी

बीडहून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात मांजरसुंब्याचा घाट लागतो. घाट काही फार मोठा नाही. पण पाऊसकाळ नुकताच सरलेला असला, म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून दोन्ही अंगांचे डोंगर पाहण्यासारखे असतात. खडकाच्या कपारीत सीताफळीची झुडपे, मधूनच बोरी-बाभळी, आणि उरलेल्या साऱ्या उतारावर कमरेएवढे वाढलेले गवत. बालाघाटच्या या सीताफळाला २०१६ साली बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या खडकाळ रानाला आपण निरुपयोगी म्हणून नाके मुरडतो, त्याच रानाने जिल्ह्याचे नाव देशभर नेले. गवताचे नाव मात्र कोणी काढले नाही. आज त्या गवतातल्याच एका जातीविषयी सांगावयाचे आहे.

आश्विनात डोंगराला चरायला गुरे नेणाऱ्या पोरांना हे गवत बरोबर ठाऊक असते. त्याला तांबूस तुरे येतात. पान चुरगाळून नाकाशी धरले तर गुलाबासारखा आणि थोडा सुंठीसारखा तिखट वास येतो. कोणी त्याला रोशा म्हणतात, कोणी रोहिश, तर कोणी तिखाडी. ते जून झाले की गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आपल्या हिशेबी ते रद्दड गवत. परंतु याच गवताच्या तेलाने एके काळी खानदेशातून मुंबई, मुंबईहून तुर्कस्तान आणि तेथून बल्गेरियातल्या गुलाबाच्या बागांपर्यंत प्रवास केला आहे. या प्रवासाची हकीकत ऐकण्यासारखी आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याने तर ती अवश्य ऐकावी.

सुवास आपल्या घरचाच

अत्तर म्हटले की आपल्याला वाटते, ही नबाबांची आणि शहरातल्या बड्या लोकांची चैन. पण नीट पाहिले तर सुवासावाचून आपले एकही कार्य होत नाही. दिवाळीच्या पहाटे आई उटणे भिजवते, त्यात वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद असते. पंढरीच्या वाटेवर कपाळी बुक्का लागतो, तोही सुगंधी वनस्पतींचाच. लग्नात मांडवाच्या दाराशी पाहुण्यांवर गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचे आणि हाताला अत्तर लावायचे, ही रीत आपल्या खेड्यांनी अजून पुरती सोडलेली नाही. ऊरुसाला आणि बाजाराला अत्तरवाला पेटी घेऊन बसतो, आणि कापसाचा फाया कानाच्या पाळीत घालून म्हातारी माणसे दिवसभर खुशीत असतात.

यातला नागरमोथा हा आपल्या शेतातल्या लव्हाळ्याचा भाऊबंद. लव्हाळ्याने पिढ्यान् पिढ्या आपल्या बायकांच्या खुरप्यांना दमवले आहे. त्याच्याच कुळातल्या नागरमोथ्याच्या गाठींतून निघणारे तेल मात्र परदेशातले अत्तर करणारे आवडीने वापरतात. वाळ्याच्या मुळ्यांचेही तसेच. बांधावर लावला तर माती धरून ठेवतो, माठात टाकला तर पाणी गार आणि सुवासिक करतो, आणि भट्टीत घातला तर खसाचे अत्तर देतो. एकाच वनस्पतीचे तीन उपयोग. आपण बहुधा पहिल्या दोहोंवर थांबतो आणि तिसरा दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जातो.

खानदेशच्या वाटेने

रोशाचा माग काढायचा तर बीडहून धुळ्याचा हमरस्ता धरावा. गेवराई मागे पडली की शहागडला गोदावरी ओलांडायची. पुढे पाचोड, छत्रपती संभाजीनगर, मग कन्नडचा घाट. घाट उतरला की चाळीसगाव आणि खानदेशची काळी सपाट जमीन सुरू होते. धुळ्याहून वाट नंदुरबारला जाते. नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ साली. आज या गावाची ओळख मिरचीची. हंगामात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात, तेव्हा लालभडक गालिचे अंथरल्यासारखे दिसतात आणि वाऱ्याबरोबर डोळ्यांत पाणी येते.

नंदुरबारहून शहाद्याकडे जाताना प्रकाशे लागते. तापीच्या काठचे हे जुने तीर्थ. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. येथे उभे राहून उत्तरेला पाहिले की सातपुड्याची निळी भिंत दिसते. शहादे, तळोदे ही गावे त्या भिंतीच्या पायथ्याशी, आणि वर अक्राणीचा डोंगराळ मुलूख. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या साऱ्या टापूत रोशाच्या तेलाच्या भट्ट्या लागत असत. १८८० सालच्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरात या धंद्याची नोंद आहे. औषधशास्त्रज्ञांनी १८७४ साली लिहिलेल्या औषधी द्रव्यांच्या मोठ्या ग्रंथातही खानदेशच्या या तेलाचा उल्लेख येतो.

भट्टीची रीत साधी होती. पावसाळा संपून गवताला तुरा आला की कापणी व्हायची. भट्टी ओढ्याच्या काठालाच खणायची, कारण वाहते गार पाणी जवळ पाहिजे. मोठ्या कढईत गवत आणि पाणी भरून वर झाकण बसवायचे व ते मातीने लिंपायचे. झाकणातून बांबूची नळी काढून ती ओढ्याच्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात सोडायची. खाली जाळ घातला की वाफेबरोबर तेल निघते, गार भांड्यात वाफेचे पाणी होते आणि तेल हलके म्हणून पाण्यावर तरंगते. ते अलगद काढून घ्यायचे. साधारण दोनशे किलो हिरव्या गवतातून किलोभर तेल निघते. त्याच्या शेजारी गुलाबाचा हिशेब ठेवून पाहा. गुलाबाचे किलोभर तेल काढायला सुमारे साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात!

त्या भागातल्या बाजारात एका वृद्ध गृहस्थांजवळ मी रोशाची गोष्ट काढली. ते म्हणाले, "गवत अजून आहे साहेब. काढणारे गेले. आमच्या घरी आजी गुडघ्याला ते तेल चोळायची, एवढं आठवतं." सांधेदुखीवर रोशाचे तेल चोळण्याची चाल जुनीच आहे. पण ज्या मुलखाचे तेल सातासमुद्रापार गेले, त्या मुलखात त्याची एवढीच आठवण उरावी, हे ऐकून मन थोडे खट्टू झाले.

तेल आपले, नाव तुर्कांचे

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे आणि तेथून तुर्कस्तानात जात असे. तुर्की लोक त्याला 'इद्रिस याघी' म्हणत. युरोपातल्या व्यापाऱ्यांना ते तुर्कांच्या हातून मिळे, म्हणून त्यांनी त्याचे नाव ठेवले 'तुर्की जिरेनियम तेल'. गवत हिंदुस्थानचे, काढणारे हात खानदेशातले, जिरेनियमशी त्या गवताचे नाते नाही, आणि तुर्कस्तानात ते उगवतही नाही. तरीही बाजारात चालले ते हेच नाव. माल कोणी पिकवला यापेक्षा शेवटी तो कोणाच्या हातून गिऱ्हाइकाकडे गेला, यावर नाव ठरते. कापसाचे, तुरीचे आणि कांद्याचे आपले अनुभव काही निराळे नाहीत.

तुर्कस्तानात या तेलाचे होई काय? गुलाबाच्या सुवासातला एक मुख्य घटक जिरॅनिऑल नावाचा आहे, आणि रोशाच्या चांगल्या तेलात तोच पाऊणभागाहून अधिक असतो. त्यामुळे महागड्या गुलाबतेलात हे स्वस्त तेल बेमालूम मिसळता येई. उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा कमी करीत आणि मग गुलाबतेलात घालीत. काही जण तर त्याहून हुशार. ते भट्टीत घालण्याआधीच गुलाबाच्या पाकळ्यांवर रोशाचे तेल शिंपडीत, म्हणजे भट्टीतून निघतानाच भेसळ झालेली! बल्गेरियातला काझानलकचा गुलाब तेव्हा तुर्की अंमलाखाली होता, आणि तेथल्या तेलात आपल्या डोंगरचे गवत जाऊन बसत असे.

या गोष्टीचा शेवट व्हायचा तसाच झाला. जो माल दुसऱ्याच्या नावाखाली लपून विकला जातो, त्याला स्वतःची पत राहत नाही. तपासण्याच्या रीती सुधारल्या, भेसळ पकडली जाऊ लागली. पुढे विसाव्या शतकात जिरॅनिऑल कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनू लागले आणि नैसर्गिक तेलाच्या भावाला उतरती कळा लागली. तरी रोशाचे तेल संपले नाही. साबणात, अत्तरात आणि तंबाखूच्या मसाल्यात ते आजही लागते. पण खानदेश हे त्याचे माहेर, हे नाव मात्र पुसले गेले.

मुलुंडची पेढी

नंदुरबारहून सुरतेवरून रेल्वेने मुंबई गाठता येते. मुंबईत अत्तर पाहायचे तर लोक भेंडीबाजार आणि महंमद अली रोडकडे बोट दाखवतात. तेथली दुकाने पाहण्यासारखी आहेतच. परंतु मराठी माणसाने आणखी एक ठिकाण लक्षात ठेवावे, ते म्हणजे मुलुंड. एस. एच. केळकर आणि कंपनी ही सुगंधी द्रव्यांची पेढी १९२२ साली मुंबईत सुरू झाली, आणि मुलुंडशी तिचे नाते जुने आहे. 'कोब्रा' छापाची तिची सुगंधी द्रव्ये उदबत्ती, केसांचे तेल, साबण, पावडर करणाऱ्या लहानमोठ्या कारखानदारांकडे वर्षानुवर्षे जात आली. आपण गावच्या दुकानातून उदबत्तीचा पुडा आणतो तेव्हा उदबत्ती करणाऱ्याचे नाव वाचतो. तिचा वास कोणी बांधला, हे पुड्यावर लिहिलेले नसते. ते काम अशा पेढ्यांचे.

वास 'बांधणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. गवई जसा चीज बांधतो, तसा सुगंधी वास बांधणारा कसबी माणूस असतो. त्याच्यापुढे पायऱ्या-पायऱ्यांच्या फळ्यांवर शेकडो बाटल्या मांडलेल्या असतात. काहींत फुलांचे, गवताचे, मुळांचे तेल, तर काहींत कारखान्यात बनवलेली द्रव्ये. कागदाच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, हुंगायचा, वाट पाहायची, पुन्हा हुंगायचा. कारण लिंबासारखे वास चटकन उडून जातात, फुलांचे काही तास टिकतात, आणि चंदन, वाळा, नागरमोथा हे तळाशी बसून शेवटपर्यंत राहतात. मिश्र पिकात लवकर येणारा मूग आणि शेवटपर्यंत उभी राहणारी तूर यांचा मेळ जसा घालावा लागतो, तसेच हे.

फ्रान्समध्ये शानेल या पेढीने आपले प्रसिद्ध 'पाच नंबर'चे अत्तर १९२१ साली बाजारात आणले. त्यानंतर एकाच वर्षाने मुंबईत केळकरांची पेढी सुरू झाली. एकीकडे पॅरिसचा बाजार, दुसरीकडे पारतंत्र्यातला देश. तरी मुंबईची पेढी टिकली, २०२२ साली तिला शंभर वर्षे पूर्ण झाली, आणि तिने हॉलंडमधला सुगंधी द्रव्यांचा कारखानाही आपल्याकडे घेतला. २०१५ साली तिचे समभाग बाजारात आले. या पेढीच्या नावाशी जोडलेल्या केळकर एज्युकेशन ट्रस्टने १९८४ साली मुलुंडला वझे महाविद्यालय काढले. धंदा करावा, आणि ज्या गावात केला त्या गावच्या पोरांसाठी शाळा-कॉलेज काढावे, ही जुन्या पेढ्यांची रीत येथे दिसते.

पोथीतला सुगंध

ही विद्या आपल्याकडे साहेबाने आणली, असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या शेजारचेच, आणि आपला हा मुलूख त्याच राज्यात मोडत होता. त्या ग्रंथात अंगाला लावायची उटी, स्नानाचे सुगंधी तेल, धूप यांची सविस्तर कृती दिलेली आहे.

त्याहून मौजेची गोष्ट पुण्याची. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी जुन्या हस्तलिखितांतून गंगाधराचा 'गंधसार' आणि दुसरा 'गंधवाद' असे सुगंधावरचे दोन ग्रंथ उजेडात आणले. यातल्या 'गंधवादा'ला चक्क मराठी टीका आहे! म्हणजे संस्कृत न येणाऱ्या मराठी कारागिराला समजावे, म्हणून कोणीतरी ती कृती मराठीत उलगडून लिहिली. आमच्या विस्ताराच्या खात्याचे काम याहून वेगळे ते काय? विद्यापीठातले ज्ञान शेतकऱ्याच्या भाषेत सांगावे, हाच तो उद्योग. पुढे १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने हे ग्रंथ छापले. 'गंधसारा'त सुगंधी द्रव्यावर करावयाच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. आयुर्वेदिक औषधे घरी कुटणाऱ्या आजीबाईंना यातले पहिले दोन शब्द तरी ओळखीचे वाटतील.

फ्रान्समधले एक गाव

आता थोडे दूर जाऊ. फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्रापासून थोड्या अंतरावर, डोंगराच्या उतारावर ग्रास नावाचे गाव आहे. मी तेथे गेलेलो नाही, पण त्याची हकीकत शेतकऱ्याच्या कामाची आहे. हे मूळचे चामडे कमावणाऱ्यांचे गाव. कमावलेल्या चामड्याला वास येतो, म्हणून तेथले लोक हातमोज्यांना सुगंध लावून विकू लागले. सुगंधी हातमोज्यांची श्रीमंतांत चढाओढ लागली. पुढे हातमोजे मागे पडले आणि सुगंधच धंदा होऊन बसला. भोवतीच्या शेतांत चमेली, गुलाब, निशिगंध फुलू लागले.

परंतु विसाव्या शतकात या फुलशेतीवर संकट आले. समुद्रकाठ जवळ म्हणून बंगल्यांसाठी जमिनीचे भाव वाढले. इजिप्त, मोरोक्को आणि आपल्या तामिळनाडूतूनही फुले वा फुलांचा अर्क स्वस्तात मिळू लागला. पहाटे उठून एकेक फूल खुडायला माणूस मिळेना. चमेलीचे एक किलो अस्सल सत्त्व काढायला सुमारे सातशे किलो फुले लागतात, आणि फूल इतके हलके की किलोभर भरायला ती हजारोंनी वेचावी लागतात. शेतकऱ्यांनी शेते विकायला सुरुवात केली.

त्या वेळी शानेल पेढीने पेगोमास गावच्या म्यूल या शेतकरी घराण्याशी १९८७ साली लांब मुदतीचा करार केला. फुले यांनी पिकवायची, ती सारी पेढीने घ्यायची, आणि सत्त्व काढायची सोय शेतावरच. ही पेढी आजही एका घराण्याच्या मालकीची आहे, शेअर बाजारात नाही. त्यामुळे तिला तीन महिन्यांचा नफा दाखवण्याची घाई नसते आणि वीस-तीस वर्षांचा विचार करता येतो. स्वतःच्या नावावर चालणाऱ्या पेढीचे तत्त्व यातच आले. आपला वास टिकवायचा असेल तर ते फूल टिकले पाहिजे, फूल टिकायचे तर माती टिकली पाहिजे, आणि माती टिकायची तर तो शेतकरी तगला पाहिजे. यात दया नाही आणि दानही नाही. हा शुद्ध व्यवहार आहे, फक्त लांब नजरेचा. २०१८ साली युनेस्कोने ग्रास परिसराची ही कला जगाच्या वारशात नोंदवली. त्या नोंदीत अत्तर बांधण्याच्या कसबाबरोबर सुगंधी रोपे पिकवण्याचे कसबही आहे, हे विशेष. म्हणजे पाटी हातात घेऊन फूल खुडणाऱ्या बाईचे कसब पेढीतल्या साहेबाच्या पंगतीला बसले.

मातीचे अत्तर

आपल्या देशातही असे एक गाव आहे, उत्तर प्रदेशातले गंगेकाठचे कनौज. तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून चिखलाने तोंड बंद करतात आणि बांबूच्या नळीने वाफ दुसऱ्या भांड्यात नेतात. त्या भांड्यात चंदनाचे तेल असते, ते वास धरून ठेवते. कनौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

या गावात गुलाब, मोगरा, केवडा यांचे अत्तर होतेच, पण मातीचेही अत्तर होते. होय, मातीचे! भाजलेल्या मातीची खापरे देगेत घालून त्यांचा वास काढतात. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या ढेकळांवर पडला की जो दरवळ सुटतो, तोच कुपीत भरलेला. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या दरवळाचा अभ्यास करून त्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यांनी कनौजच्या या अत्तराचीही दखल घेतली. मातीतले सूक्ष्म जीव जो पदार्थ तयार करतात, त्याचाही या वासात वाटा असतो. ज्या वासाची आपण चैत्र-वैशाखभर आभाळाकडे डोळे लावून वाट पाहतो, तो वास जगात पैसे देऊन घेतला जातो. बीडच्या शेतकऱ्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. दुष्काळाच्या वर्षी त्याने ती मोजलेली आहे.

आपल्या उताराचा हिशेब

आता कोणी विचारील, "साहेब, एवढे ऐकवले, मग रोशा लावायचा का?" याचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे देता येणार नाही. आधी दोन्ही बाजू पाहू.

रोशाच्या बाजूने बोलायचे तर, हे गवत हलक्या, उताराच्या जमिनीत पावसाच्या पाण्यावर येते. रोपे करून कांद्याच्या रोपासारखी जुलैत लावली, तर साधारण चार महिन्यांत तुऱ्यावर येते. एकदा लावले की चार-पाच वर्षे खोडव्यावर निघते. मुळांचे जाळे माती धरते. लखनौच्या औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'तृष्णा', 'तृप्ता' अशा सुधारित जाती काढल्या आहेत, आणि २०१७पासून केंद्राच्या अरोमा मिशनखाली सुगंधी पिकांचा प्रसार चालू आहे. तेल काढून उरलेले गवत जळणाला किंवा आच्छादनाला येते. आणि तेल हा असा माल आहे की तो टोमॅटोसारखा दोन दिवसांत सडत नाही. तोंडापर्यंत भरलेल्या स्वच्छ, कोरड्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवला तर भावाची वाट पाहता येते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. भट्टी हाताशी नसेल तर गवत म्हणजे निव्वळ ओझे. वीस-पंचवीस कोसांवर गवत वाहून नेण्यातच सारा नफा जातो. भाव परदेशच्या मागणीवर आणि कारखान्यातल्या द्रव्याच्या किमतीवर हेलकावतो. एकट्या-दुकट्याच्या अर्ध्या एकरासाठी कोणी व्यापारी गावात येत नाही.

आणि तिसरी गोष्ट फसवणुकीची. मागे कधी सफेद मुसळी, कधी कोरफड, अलीकडे जिरेनियम, अशा लाटा येतात. माझ्या कामाच्या एका गावात मोटारीतून आलेल्या मंडळींनी सुगंधी पिकाची रोपे भारी भावाने विकली, 'सारा माल आम्ही घेऊ' असे कागदावर लिहून दिले, आणि पीक हाती आले तेव्हा त्यांचा फोन लागेना. एका भगिनीने अंगावरचे मणी मोडून रोपे घेतली होती. तिने मला विचारले, "साहेब, कागद तर खरा होता ना?" कागद खरा होता, माणसे खोटी होती. रोपे विकून पैसे मिळवणारा आणि माल विकून पैसे मिळवणारा, या दोघांत फरक असतो. पहिल्याचा धंदा तुम्ही लावणी केली की संपतो. दुसऱ्याचा तेव्हा कुठे सुरू होतो. करार करताना समोरचा यांपैकी कोण, हे पाहिले की निम्मे संकट टळते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. ज्वारी, बाजरी, तूर पिकणारी जमीन मोडून कोणी सुगंधाच्या मागे लागू नये. पडीक उतार, बांध, नापीक तुकडा यांचा विचार करावा. दहा-वीस घरांनी मिळून, एखाद्या बचत गटाने किंवा शेतकरी कंपनीने, एका भट्टीला पुरेल एवढी लागवड एका शिवारात करावी. आधी भट्टी कोठे लावायची आणि तेल कोण घेणार हे ठरवावे, मग रोपे टाकावीत. पहिल्या वर्षी थोडेच लावावे. तेल प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि त्यात दुसऱ्या तेलाचा थेंबही मिसळू नये. आज यंत्रावर तेलातला प्रत्येक घटक वेगळा दिसतो, त्यामुळे तुर्कांच्या काळची हातचलाखी आता घटकाभरही टिकणार नाही. शुद्ध तेलाचा डबा, त्यावर गावाचे नाव, आणि दरवर्षी तोच दर्जा, एवढे जमले तर मोठ्या पेढ्याही दारी येतात. त्यांनाही विश्वासाचा माल हवाच असतो.

दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून कोयते बांधून हजारो जोडपी उसाच्या फडावर निघतात. नेमका तोच काळ डोंगरावर रोशाला तुरा येण्याचा. एका गवताने हे स्थलांतर थांबेल, अशी खोटी आशा मी दाखवणार नाही. पण ज्या महिन्यात गावात काम नसते, त्याच महिन्यात ज्या पिकाची कापणी आणि भट्टी चालते, त्या पिकाने दहा घरांच्या चुली गावातच पेटत्या ठेवल्या, तरी ती थोडी गोष्ट नव्हे. त्या दहा घरांतली पोरे त्या वर्षी शाळा सोडून फडावर जाणार नाहीत.

येत्या आश्विनात डोंगराकडे गेलात, तर तांबूस तुऱ्याचे ते गवत शोधा, पान चुरगाळून घरच्या मंडळींना वास द्या आणि त्याचे नाव सांगा. आपल्या रानात काय उगवते हे आपल्याच मुलांना ठाऊक असले, म्हणजे पुन्हा त्याला दुसऱ्याचे नाव लागणार नाही.